"ढब्बूताई बोलताय का?" – आपल्या ऑर्डरची माहिती भामट्यांना मिळते कुठून?

अर्धवट_विणकाम, रात्री ९.१४
मंडळी, डोकं चक्रावलंय म्हणून धागा काढतेय. परवा बहिणीसाठी एक टेबल लॅम्प मागवला. साइट मोठी, पण माल तिथल्याच एका छोट्या विक्रेत्याचा. पार्सल थेट तिच्याकडे जाणार म्हणून पत्ता तिचा, फोन नंबर माझा (ती अनोळखी नंबर उचलत नाही), आणि नावाच्या रकान्यात गंमत म्हणून तिचं घरातलं नाव टाकलं, ढब्बूताई. हे नाव घरातल्या चार माणसांपलीकडे कोणालाही माहीत नाही. याआधी मी ते कुठल्याही फॉर्मवर लिहिलेलं नाही.

आज दुपारी माझ्या नंबरवर फोन. पलीकडे अतिशय नम्र, गंभीर आवाज: "ढब्बूताई बोलताय का?" मला हसूच फुटलं, आणि बहुधा तिथेच मी गाफील झाले. तुमचा ऑलिव्ह रंगाचा टेबल लॅम्प निघालाय, किंमत अमुक, पण पत्ता अपुरा आहे, लिंक पाठवतो, आज पक्का केला नाहीत तर माल परत जाईल. मेसेज आला तोही कुरियरच्या नेहमीच्या मेसेजांच्या खाली, त्याच रांगेत. लिंक उघडली, पत्ता भरला. मग "पुन्हा पाठवणी"चं किरकोळ शुल्क. कार्डाचा नंबर टाकला, मुदत टाकली, पुढचा रकाना जन्मतारखेचा. लॅम्प पोचवायला जन्मतारीख कशाला? तिथे थांबले आणि पान बंद केलं. "भरा"चं बटण दाबलेलं नाही.

पैसे गेले नाहीत. पण ढब्बूताई त्याला कुठून कळली?

कुलूपकिल्ली, रात्री ९.२१
ताई, आधी कार्ड ब्लॉक करा, मग धागा वाचा. खरंच. बटण दाबलं नाही याला काही अर्थ नाही. रकान्यात पडणारं एकेक अक्षर टाइप होताहोताच सर्व्हरकडे पाठवता येतं, त्याला साधी दोन ओळींची स्क्रिप्ट (पानात दडवलेला छोटा प्रोग्राम) पुरते. आणि हे काही फक्त चोरांच्या पानांवर होत नाही. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी जगातल्या एक लाख लोकप्रिय साइट तपासल्या, तर युरोपातून पाहताना १,८४४ आणि अमेरिकेतून पाहताना २,९५० साइटवर ईमेल पत्ता फॉर्म "पाठवा" म्हणायच्या आतच तिसऱ्याच कंपनीकडे रवाना होत होता. सभ्य साइटची ही कथा, तर भामट्याच्या पानाकडून कसली अपेक्षा ठेवता?

अर्धवट_विणकाम, रात्री ९.३८
बाप रे. केलं ब्लॉक. हात थरथरत होते.

कोरी_पाटी, रात्री ९.४५
मी सांगतो, फोन आपलं बोलणं ऐकतो. तुम्ही घरात बहिणीला ढब्बूताई म्हणाला असणार. माझ्याबाबतीत तीनदा झालंय.

भोवरा, रात्री ९.५२
@कोरी_पाटी, फोन ऐकत असता तर त्याला लॅम्पचा रंग, किंमत आणि पत्ता एकाच दमात कसा कळला असता? ताईंनी घरात किंमतही ओरडून सांगितली होती का? ही माहिती एका जागी, एका ओळीत लिहिलेली होती. तशी ओळ कुणाच्या पडद्यावर दिसते ते शोधा.

खडूस_आजोबा, रात्री १०.०३
ऑनलाइन घेऊच नये. दुकानात जावं, दिवा लावून बघावा, पैसे टाकावे, बाहेर पडावं. आम्ही जन्मभर तेच केलं.

भोवरा, रात्री १०.०६
आजोबा, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, ती दुकानात जाऊन, गल्ल्यावर कार्ड घासणाऱ्यांचीच होती. आणि चोर आत शिरले ते वातानुकूलन यंत्रणेचं काम करणाऱ्या कंत्राटदाराचा पासवर्ड चोरून.

खडूस_आजोबा, रात्री १०.०९
मी रोख देतो.

भोवरा, रात्री १०.१०
मग तुम्ही जिंकलात. :)

गोदामातला_माणूस, रात्री १०.३१
मी एका पाठवणी केंद्रात रात्रपाळी करतो (कुठल्या ते सांगत नाही), तर आमच्या बाजूचं सांगतो. पार्सल आमच्याकडे येतं तेव्हा वर लेबल असतं: घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, बारकोड, वजन. पट्ट्यावरून जाताना निदान पाचसहा माणसं ते बघतात, आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरावाला फोन. बऱ्याच ठिकाणी फोन आत न्यायला बंदी असते. बंदी किती पाळली जाते हे मी इथे लिहीत नाही.

पण एक खुबी बघा. पैसे आधीच भरलेले असतील तर लेबलवर रक्कम सहसा छापत नाहीत. रंगही नसतो. फार तर विक्रेत्याचा एक सांकेतिक क्रमांक. तेव्हा ऑलिव्ह लॅम्प आणि किंमत ही बातमी नुसत्या लेबलवरून कोणी काढली नसणार. आमच्यातला कोणी हरिश्चंद्र आहे असं नाही, पण या केसमध्ये आमचा पट्टा निर्दोष दिसतो.

पार्सल आल्यावर खोका टाकताना लेबल फाडा किंवा शाईने खरडा, एवढं मात्र करा. लेबल चिकटलेले खोके रोज कचऱ्यात दिसतात.

निळी_शाई, रात्री १०.४८
माझा अनुभव जरा वेगळा आहे, पण धाग्याला धरून. मागच्या वर्षी एक हेडफोन बिघडलेला आला. संतापून समाजमाध्यमावर त्या दुकानाच्या पानाखाली जाहीर लिहिलं, ऑर्डर क्रमांकासकट, शिवाय बिलाचा फोटो. पाच मिनिटांत उत्तर: "झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, कृपया थेट संदेशात संपर्क क्रमांक द्या." बोधचिन्ह तेच, नाव तेच, फक्त शेवटी एक टिंब जास्त. मी क्रमांक दिला. लगेच फोन, आणि त्याला सगळं माहीत! वाटलं, काय तत्पर सेवा आहे. नंतर उजेड पडला की त्याला जे जे माहीत होतं ते मीच तासाभरापूर्वी चव्हाट्यावर टांगलं होतं. परतावा जमा करतो म्हणून त्याने ओटीपी मागितला तेव्हा नवऱ्याने फोन हातातून काढून घेतला, म्हणून वाचले.

खऱ्या दुकानाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. त्यावरूनच ओळखायला हवं होतं.

तिसरी_घंटा, रात्री १०.५५
टिंबवाला प्रकार भारी आहे. आमच्याकडे सासूबाईंनी कस्टमर केअरचा नंबर सर्च करून काढला, सगळ्यात वर जो आला तो लावला. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती, कोणा भलत्याचीच. तिथे माहिती "मिळवावी" लागतच नाही. गिऱ्हाईक स्वतः फोन करून नाव, ऑर्डर, तक्रार सगळं वाचून दाखवतं.

वाचनमात्र, रात्री ११.१२
सहा वर्षं इथे फक्त वाचतो, आज पहिला प्रतिसाद. माझ्या खात्यात कोणीतरी शिरलं होतं. एका जुन्या छंदाच्या साइटवर जो पासवर्ड होता तोच खरेदीच्या साइटवर. ती छंदाची साइट कधीच फुटली होती (म्हणजे तिथले पासवर्ड चोरीला गेले होते), मला पत्ताही नाही. चोराने काही खरेदी केली नाही. नुसता "माझ्या ऑर्डर" मध्ये गेला, वाचलं, बाहेर पडला. आठवड्याने फोन आला तेव्हा माझी मागची चार खरेदी त्याला तोंडपाठ. लॉगिनच्या नोंदी पाहिल्या तेव्हा कळलं.

चूभूद्याघ्या.

कुलूपकिल्ली, रात्री ११.४०
@वाचनमात्र, लिहिते झालात हे छान, आणि तुमचा प्रकार फार घडणारा आहे. फुटलेल्या याद्यांमधले ईमेल-पासवर्डचे जोड यंत्राने शेकडो साइटवर लावून बघतात. आपला पत्ता अशा यादीत आहे का ते "हॅव आय बीन पोन्ड" या साइटवर फुकट तपासता येतं. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे फक्त ईमेल टाकायचा असतो. पासवर्ड मागणारी नक्कल दिसली तर पळा.

आता जरा सविस्तर लिहितो, कारण मी याच धंद्यात आहे (कुलूप लावणाऱ्यांच्या बाजूने) आणि लोकांची एक समजूत मला फार छळते. "त्याला माझा ऑर्डर नंबर माहीत होता, म्हणजे तो कंपनीचाच माणूस असणार." नाही हो. तुम्ही एक लॅम्प मागवता तेव्हा तुमची ओळ साइटकडे जाते, विक्रेत्याकडे जाते, पैसे घेणाऱ्या कंपनीकडे, गोदामाकडे, कुरियरकडे, मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे, जाहिरातीचे ईमेल धाडणाऱ्या कंपनीकडे, तक्रारी ऐकणाऱ्या कॉल सेंटरकडे. यातलं सगळ्यात ढिलं दार कुठलं, एवढंच चोराला शोधायचं असतं.

ईमेल धाडणाऱ्यांचंच घ्या. २०११ मध्ये एप्सिलॉन नावाची कंपनी फुटली. हे नाव तोवर गिऱ्हाइकांनी ऐकलेलंही नव्हतं, पण अनेक मोठ्या दुकानांचे आणि बँकांचे ईमेल तीच पाठवायची. फुटलं काय, तर फक्त नावं आणि ईमेल. पण "या बाईंचं या दुकानात खातं आहे" एवढं कळलं की जाळं टाकायला पुरे.

कधी आतलाच माणूस. २०२० मध्ये शॉपिफायने (ही दुकानदारांना ऑनलाइन दुकान थाटून देणारी कंपनी) स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या मदत विभागातल्या दोघांनी दोनशेहून थोड्या कमी दुकानदारांच्या व्यवहारांच्या नोंदी काढून घेतल्या होत्या.

कधी थेट ऑर्डरची वहीच. जेडी स्पोर्ट्स या ब्रिटिश दुकानसाखळीने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की सुमारे एक कोटी गिऱ्हाइकांची माहिती गेली असावी: नाव, पत्ता, फोन, ऑर्डरचा तपशील आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. ऑर्डरी नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०२० या काळातल्या, म्हणजे जुन्या. जुन्या असल्या तरी तो फोन करून "तुमच्या चार-चार-एक-नऊने संपणाऱ्या कार्डावर" असं म्हणाला की अर्धी माणसं तिथेच विरघळतात. ते चार आकडे गुपित नाहीतच, पावतीवरसुद्धा छापतात. पण ऐकणाऱ्याला वाटतं, बँकच बोलतेय.

आणि जे मला सगळ्यात भयंकर वाटतं ते वेगळंच. पैसे भरायच्या पानातच चोराची स्क्रिप्ट बसलेली. याला मेजकार्ट म्हणतात. ही टोळी एक नाही, तऱ्हा एक आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर अशा २२ ओळी बसल्या होत्या, २१ ऑगस्टपासून ५ सप्टेंबरपर्यंत. पान खरं, पत्ता खरा, कुलपाची खूण खरी, तिकीटही खरं निघायचं. फक्त भरलेल्या माहितीची एक प्रत "बीएवेज" अशा ओळखीच्या वाटणाऱ्या नावाच्या डोमेनला जायची. यात गिऱ्हाइकाची चूक शून्य. पुढे कंपनीला ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये दोन कोटी पौंड दंड केला.

असो. ताई, तुमच्या केसकडे येतो. फोनवाल्याने किंमत नेमकी किती सांगितली? आणि कार्डावरून कापली गेली तीच का?

भोवरा, रात्री ११.४४
वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि शेवटचा प्रश्न मला कळला असं वाटतंय. :)

अर्धवट_विणकाम, रात्री ११.५८
अहो! आत्ता बघितलं. माझ्याकडे साइटचे पॉइंट साठलेले होते, ते वापरले. कार्डावरून कमी रक्कम गेली. फोनवाला बोलला ती पॉइंट वळते करायच्या आधीची, पूर्ण किंमत. मला तेव्हा खटकलंही नाही. आता यावरून काय कळतं?

कुलूपकिल्ली, रात्री १२.१०
बरंच कळतं. बँकेकडे किंवा पैसे घेणाऱ्या कंपनीकडे कापलेली रक्कम दिसते. पैसे भरायच्या पानावर स्क्रिप्ट असती तर चोराला तुमचं कार्ड आधीच मिळालं असतं, मग दुसरं पान उघडून पुन्हा कार्ड मागायची मेहनत त्याने का घेतली असती? कार्ड मागितलं म्हणजे कार्ड नव्हतं. तुमच्या साइटच्या खात्यात शिरला असता तर त्याला दोन्ही आकडे दिसले असते, आणि नावासाठी तो बहुधा तुमच्या खऱ्या नावाने बोलला असता. तुमचं खरं नाव त्याने एकदा तरी घेतलं का?

अर्धवट_विणकाम, रात्री १२.१३
नाही. पूर्ण वेळ ढब्बूताई. "ढब्बूताई, काळजी करू नका" वगैरे.

कुलूपकिल्ली, रात्री १२.२२
मग त्याच्यापुढे जी ओळ होती तिच्यात घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, वस्तू, रंग आणि पूर्ण किंमत होती. खरेदीदाराचं नाव नव्हतं, कार्ड नव्हतं, पॉइंट नव्हते. अशी ओळ विक्रेत्याच्या पॅनेलमध्ये, म्हणजे त्याला आलेल्या ऑर्डरी दाखवणाऱ्या साइटवरच्या पानात दिसते. पॉइंट साइट देते, त्यामुळे विक्रेत्याच्या हिशोबात वस्तूची पूर्ण किंमतच येते.

याचा अर्थ विक्रेता चोर आहे असा नाही हं. त्याच्या पॅनेलचा पासवर्ड कोणाकडे तरी आहे, एवढाच.

गोदामातला_माणूस, रात्री १२.२५
म्हटलं होतं ना, आमचा पट्टा निर्दोष!

तिसरी_घंटा, सकाळी ७.५०
रात्री झोपच लागली नाही हा धागा वाचून. एक बाळबोध प्रश्न: मेसेज कुरियरच्या खऱ्या मेसेजांच्या रांगेत कसा आला? म्हणजे कुरियरवालेही सामील?

कुलूपकिल्ली, सकाळी ८.१५
नाही. मेसेजवर पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं ते बऱ्याच ठिकाणी नुसता मजकूर असतो, कोणी काहीही टाकू शकतं. तुमचा फोन भोळा, तो एकसारखी नावं दिसली की एका रांगेत लावतो. खरं-खोटं तपासत नाही. पत्त्याच्या पट्टीतलं कुलूपही असंच. त्याचा अर्थ इतकाच की वाटेत कोणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. तसलं प्रमाणपत्र फुकट मिळतं.

कोरी_पाटी, सकाळी ९.०२
बरं, फोन ऐकत नाही हे मान्य. पण मला आलेल्या मेसेजमध्ये काहीच तपशील नव्हता. नुसतं "तुमचं पार्सल अडकलं आहे". आणि माझं खरंच एक पार्सल यायचं होतं! ते कसं?

भोवरा, सकाळी ९.१०
लाखो नंबरांना तोच मेसेज गेला असेल. त्यातल्या कितीतरी जणांचं कुठलं ना कुठलं पार्सल वाटेत असतंच. ज्यांचं नव्हतं त्यांनी पुसून टाकला आणि विसरले. ज्यांचं होतं ते इथे येऊन विचारतात, त्याला कसं कळलं. त्याला काहीच कळलेलं नसतं. उलट लिंक उघडून तुम्ही नाव-पत्ता भरलात की तुमची ओळ तयार होते, आणि खरा फोन त्यानंतर येतो.

निळी_शाई, सकाळी ९.३४
बक्षिसाच्या चक्राचंही तेच. "पाच प्रश्नांची उत्तरं द्या, कूपन मिळवा". मैत्रिणीने भरलं होतं: कुठे खरेदी करता, महिन्यातून किती वेळा, पैसे कसे भरता. तिला वाटलं बाजाराचा सर्व्हे चाललाय.

कुलूपकिल्ली, सकाळी १०.०५
अवांतर, पण राहून जायला नको. कूपन शोधून देतो म्हणणारी ब्राउझरची एक्स्टेन्शनं (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम). बसवताना ती "सर्व साइटवरची माहिती वाचणे व बदलणे" अशी परवानगी मागतात आणि आपण हो म्हणतो. त्या एका "हो"मध्ये ऑर्डरची पानं, पत्ता, सगळं आलं. आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या दुसऱ्याला विकलं जाऊ शकतं, परवानगी तशीच राहते. माझ्या वडिलांच्या ब्राउझरमध्ये नऊ होती. एकाचंही काम त्यांना सांगता आलं नाही.

आणि ब्राउझरमध्ये जो पत्ता आपोआप भरला जातो, त्याच्याकडेही लक्ष ठेवा. पानावर दिसणारे रकाने दोन, लपवलेले चार, असं करून फोन आणि पत्ताही भरून घेता येतो हे एका फिनिश प्रोग्रामरने २०१७ मध्ये करून दाखवलं होतं.

खडूस_आजोबा, सकाळी १०.२०
मग करायचं काय ते एका वाक्यात सांगा. एवढं सगळं वाचायला मला वेळ आहे, पण चष्मा नाही.

कुलूपकिल्ली, सकाळी १०.२६
आजोबा, फोन ठेवायचा, लिंक सोडून द्यायची, आणि स्वतः ॲप उघडून ऑर्डर बघायची. अडकली असेल तर तिथे लिहिलेलं असतं. त्याला किती माहीत आहे यावरून तो खरा की खोटा ठरत नाही.

खडूस_आजोबा, सकाळी १०.२८
ही तीन वाक्यं झाली. पण चालेल.

वाचनमात्र, सकाळी ११.००
लेजरचं प्रकरण कोणी लिहिलं नाही म्हणून. क्रिप्टोचं पाकीट विकणारी कंपनी. २०२० मध्ये गिऱ्हाइकांची यादी फुटली आणि डिसेंबरमध्ये कोणीतरी ती उघड्यावर टाकली. दोन लाख सत्तर हजारांच्या आसपास लोकांचे घरचे पत्ते आणि फोन त्यात होते. पुढच्या वर्षी काही जणांच्या घरी खोक्यात बंद केलेलं, हुबेहूब दिसणारं नवं यंत्र टपालाने आलं, सोबत पत्र: "सुरक्षेसाठी हे वापरा." आत फेरफार केलेला. म्हणजे फिशिंग (खरं भासवून माहिती काढून घेणं) टपालानेसुद्धा येतं. पासवर्ड बदलता येतो, घर कसं बदलणार?

(दोन प्रतिसाद झाले. आता सवय लागणार.)

अर्धवट_विणकाम, दुपारी १.४०
अपडेट. कुलूपकिल्लींनी सांगितलं म्हणून त्या विक्रेत्याच्या पानावरचे ताजे अभिप्राय वाचले. एक तारा, एक तारा, एक तारा. तिघांनी लिहिलंय: "वस्तू चांगली, पण ऑर्डर दिल्यावर पत्ता अपुरा म्हणून फसवा फोन." सगळे याच आठवड्यातले. साइटकडे तक्रार नोंदवली आणि विक्रेत्यालाही लिहिलं, ॲपच्या आतूनच.

अर्धवट_विणकाम, संध्याकाळी ६.०५
विक्रेत्याचा मेसेज आला. माणूस बिचारा हादरलेला वाटला. दोघंच मिळून दुकान चालवतात, तो आणि त्याचा भाऊ. मागच्या आठवड्यात त्यांना एका "गिऱ्हाइकाचा" ईमेल आला: लॅम्प फुटलेला आला, फोटो जोडलेत, परतावा द्या नाहीतर वाईट अभिप्राय लिहीन. घाबरून भावाने जोडलेली फाइल उघडली. फोटो काही दिसला नाही. त्याने तीनदा उघडून बघितली. साइटने आज त्यांचं पॅनेल गोठवलं तेव्हा कळलं की दुसऱ्याच कुठूनतरी कोणी रोज लॉगिन करत होतं.

कुलूपकिल्ली, संध्याकाळी ६.२०
बसलं गणित. त्या फाइलने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (आपण आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) उचलल्या असणार. कुकी हाती लागली की पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही लागत नाहीत, चोर सरळ उघड्या दारातून आत. त्याला सांगा: आधी तो कॉम्प्युटर पुसून नव्याने बसव, मग दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदल आणि "सगळीकडून लॉगआउट" दाब. उलट्या क्रमाने केलं तर नवा पासवर्डही जाईल.

भोवरा, संध्याकाळी ६.२४
म्हणजे तुम्हाला गळ टाकायच्या आधी त्याला टाकला होता. आणि आमिष काय, तर फुटका लॅम्प!

अर्धवट_विणकाम, संध्याकाळी ६.३१
पाठवला त्याला निरोप, शब्दशः.

अर्धवट_विणकाम, दुसऱ्या दिवशी दुपारी ४.१०
लॅम्प पोचला. खऱ्या डिलिव्हरीवाल्याने तिच्या इमारतीखाली उभं राहून, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात, लेबल वाचून हाक मारली: "ढब्बूताईऽऽ!" ती म्हणे आधी खिडकीआड लपली. शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, कोण गं ढब्बूताई?

बहीण सध्या माझा फोन उचलत नाही. माझा नंबर तिच्याकडे सेव्ह असूनसुद्धा.